स्टॅनबरी कुलवृत्तांताचे संपादक

आमच्या वसाहतीत इतिहास विषयाची पदव्युत्तर पदवी असलेली एकच व्यक्ती राहते आणि ती मी आहे. ही गोष्ट रहिवाशांच्या सूचीत नमूद आहे, दिवाळी मेळाव्याच्या परिचयपत्रकात नमूद आहे, आणि योग्य प्रसंगी मी स्वतःही ती नमूद करत असते. असे असूनही, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावाच्या या भागात अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी येऊन वसलेल्या एका गोऱ्या घराण्याची वंशावळ शोधण्याची वेळ आली, तेव्हा ते काम औषधाच्या गोळ्या तपासण्यात एकतीस वर्षे घालवलेल्या गुरुनाथ निवसरकर यांच्याकडे गेले. मी त्या वेळी त्याच टेबलाशी, कमिटीची सेक्रेटरी म्हणून, इतिवृत्ताची वही उघडून बसले होते. मला कोणी विचारले नाही.

गुरुनाथकाका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते १९७४ साली या देशात आले, पुढे औषध कंपनीबरोबर इकडे कॅरीला आले आणि निवृत्त होईपर्यंत 'क्वालिटी'मध्ये राहिले. त्या खात्याचा एक दंडक असतो. कागदावर चूक झाली तर ती पुसायची नाही, तिच्यावर पांढरा रंग लावायचा नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि शेजारी आद्याक्षरे, तारीख व कारण लिहायचे. कारखान्यात हे योग्यच आहे. काकांनी ते घरी आणले. त्यांच्या फ्रिजवर लावलेल्या वाणसामानाच्या यादीत 'कोथिंबीर' या शब्दावर मी स्वतः एक रेघ पाहिली आहे, शेजारी 'गु. स. नि.', तारीख, आणि कारण: 'परसात आहे'. त्यांच्या पत्नी सुहासिनीकाकू गेली पन्नास वर्षे अशा याद्यांवरून स्वयंपाक करत आल्या आहेत आणि अजून त्यांनी कोणावर लाटणे उगारल्याचे ऐकिवात नाही.

निवृत्तीनंतर काकांनी 'निवसरकर कुलवृत्तांत, परदेशस्थ शाखा' हा ग्रंथ सिद्ध केला. कुलवृत्तांत म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. एका आडनावाच्या सर्व माणसांची नोंद असलेला तो जाड पुठ्ठ्याचा ग्रंथ, जो प्रत्येक जण फक्त स्वतःचे नाव बरोबर छापले आहे का हे पाहण्यासाठी उघडतो आणि नंतर बैठकीच्या खोलीत कुंडीखाली ठेवतो. काकांनी रविवारी सकाळी सात वाजता फोन करकरून चारशे बारा निवसरकर गोळा केले. ह्यूस्टनच्या एका निवसरकरांनी आडनाव बदलण्यासाठी अर्ज केला अशी वदंता आहे. ती खरी असल्यास मी त्यांना दोष देणार नाही.

आता त्या गोऱ्या घराण्याविषयी. आमच्या टेनिस कोर्टाच्या मागे लोखंडी कुंपणात अकरा थडगी आहेत. बॉस्टनच्या बंदरात चहा पडला त्याच्या वीस वर्षे आधी जोसाया स्टॅनबरी नावाचा इसम व्हर्जिनियातून बैलगाडी हाकत इथे आला. आज आम्ही जिथे टपालपेटीच्या रंगावरून एकमेकांना नोटिसा पाठवतो ती सगळी जमीन त्याच्या नावावर झाली. त्याआधी ती कोणाची होती हे खरेदीखतात लिहिण्याची पद्धत नाही. पुढे जमीन बिल्डरकडे गेली तेव्हा विकणाऱ्यांनी खतात एक अट घातली: जोसाया स्टॅनबरी व त्याचे वंशज यांचा या कुंपणात पुरले जाण्याचा हक्क कायम राहील.

हा हक्क मागायला गेल्या ऑगस्टमध्ये लोरेटाबाई कमिटीपुढे आल्या. वसाहतीच्या फाटकाशी वसाहतीहूनही जुने एक बैठे घर आहे, तिथे त्या एकट्या राहतात. वय चौऱ्याऐंशी. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन ठरले होते आणि डॉक्टरांनी धोका लपवला नव्हता.

"मला घाबरायला झालेलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांचे बोलणे दक्षिणी धाटणीच्या इंग्रजीत, गूळ पातळ करून ओतावा तसे असते. मी ते मराठीत देत आहे. "फक्त कुठे जायचं ते आधी कळलं पाहिजे. मला माझ्या माणसांत जायचंय."

आमचा अध्यक्ष अनिश नागपूरचा, वय छत्तीस, दिवसा सॉफ्टवेअर आणि संध्याकाळी पिकलबॉल. त्याने सौजन्याने विचारले, "पण मॅम, तुमचे मिस्टर?"

"बिल रॅलेच्या दफनभूमीत आहे. त्याच्या शेजारी माझी जागा राखलेली आहे. त्या माणसाच्या घोरण्याशेजारी मी एकेचाळीस वर्षं झोपले, हनी. आता जजमेंट डेपर्यंत कोण झोपणार?"

वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या कंपनीने कळवले की वार्षिक सभेपूर्वी पुराव्यांसह वंशावळ सादर करावी आणि कमिटीने तीवर मत नोंदवावे. सभा ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी होती. लोरेटाबाईंना फक्त आईच्या आजोबांपर्यंतची माहिती होती. ते ॲमॉस क्लॅरेन्डन स्टॅनबरी, जन्म १८२२. ॲमॉस आणि मूळ पुरुष जोसाया यांच्यामध्ये काय होते ते कोणालाच ठाऊक नव्हते.

"अरे, काका आहेत ना यार!" अनिश म्हणाला. "काकांनी चारशे लोकांचं केलं, एका आजींचं काय!"

याच क्षणी मी इतिवृत्ताच्या वहीतून मान वर केली होती. नोंद एवढ्यासाठी करते की पुढे कोणी 'रेणूताई, तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत' असे विचारू नये.

काकांनी काम अगदी पद्धतशीर सुरू केले, आणि पद्धत म्हणजे निवसरकर कुलवृत्तांताचा छापील नमुना. त्यात चौदा रकाने आहेत. एकही रिकामा ठेवायचा नाही, कारण क्वालिटीमध्ये रिकामा रकाना हा गुन्हा असतो. सप्टेंबरच्या एका दुपारी लोरेटाबाईंच्या पोर्चवर झालेल्या मुलाखतीला सेक्रेटरी म्हणून मला हजर राहावे लागले. काकांच्या गळ्यात टाय होता.

"कुलदैवत?" काकांनी विचारले आणि इंग्रजीत समजावले, "फॅमिली गॉड."

"आम्ही बाप्टिस्ट, मिस्टर गुरु. गॉड एकच."

"गुड. कोणत्या गावचा?"

लोरेटाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी झाडाकडे पाहिले.

"ओल्ड रोडवरच्या चर्चमधला म्हणा," त्या विचार करून म्हणाल्या. काकांनी तसे लिहिले.

"कुलस्वामिनी? म्हणजे पिढ्यानपिढ्या जिची पूजा होते, जी आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे..."

"अच्छा, ते होय!" अशा अर्थाचे काहीतरी म्हणून लोरेटाबाई आत गेल्या आणि दोन्ही हातांनी एक काळाकुळकुळीत बिडाचा तवा घेऊन आल्या. "हा माझ्या पणजीचा. कॉर्नब्रेड याच्यातच. साबण लावलेला आम्हाला चालत नाही."

काकांनी तव्याला नकळत हात जोडले. रकान्यात 'बिडाचा तवा (साबण वर्ज्य)' अशी नोंद झाली. गोत्राच्या रकान्यात रक्तगट गेला. मुंजीच्या रकान्यात बाप्तिस्म्याचे वय गेले, आणि 'मुंज कुठे झाली' या पोटरकान्यात 'ओढ्यात'.

अडचण आली ती विवाहाच्या रकान्यात. स्टॅनबरी घराण्यात स्टॅनबरींनी स्टॅनबरींशी लग्ने केली होती, आणि एकदा नव्हे. काकांचे पेन थांबले.

"लोरेटा, हे चुलत भाऊबहीण दिसतात."

"त्या काळी इथे तीन घरं होती, हनी. एक आमचं, एक भांडलेलं आणि एक मेथडिस्ट. लग्न कोणाशी करणार?"

काका घरी गेले आणि दोन दिवस अस्वस्थ राहिले. तिसऱ्या दिवशी सुहासिनीकाकूंनी त्यांना आठवण करून दिली की देशावर मामेबहीण चालते. तेव्हा काकांनी सगळ्या चुलतबहिणींवर प्रत्येकी एक रेघ मारून, आद्याक्षरे व तारीख घालून, कारण लिहिले: 'अन्य नात्यानेही नाते असण्याचा संभव'. इतिहासाची पदवी असलेली व्यक्ती हे कसे पाहत असेल याची वाचकांनी कल्पना करावी.

न्यायाला धरून एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. कुंपणाच्या बाहेरच्या कडेला नाव नसलेले काही ओबडधोबड दगड आहेत. ते काय, असे काकांनी विचारले तेव्हा लोरेटाबाईंचा आवाज खाली गेला. ते गुलाम होते. जोसायाच्या मृत्युपत्रात सहा जणांची नावे आहेत. आडनाव नाही, बापाचे नाव नाही, कारण ती माणसे मालमत्तेत मोजलेली आहेत. काकांच्या चौदा रकान्यांत त्यांना जागा नव्हती. त्यांनी वेगळे पान घेतले आणि सहाही नावे सुवाच्य अक्षरात लिहिली. हे पान परिशिष्टात जाईल ना, असे मी विचारले. "नाही," काका म्हणाले, "पहिलं." लोरेटाबाई बराच वेळ ते पान पाहत होत्या आणि म्हणाल्या, हे आमच्यापैकी कोणीतरी कधीच करायला हवं होतं. या पानावर मला तक्रार नाही.

सप्टेंबर संपता संपता काका काउंटीच्या दफ्तरखान्यात इतके रुळले की तिथल्या बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची राखून ठेवली. काकूंचा चिवडा त्या खात्यात आता सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काकांनी मला घरी बोलावले. जेवणाच्या टेबलावर सहा फुटांचा तक्ता पसरलेला होता, आणि चार कोपऱ्यांवर लोणच्याच्या चार बरण्या होत्या.

"रेणू, मिळालं!" त्यांचा चेहरा मुंजीतल्या बटूसारखा फुलला होता. "बघ. ॲमॉस क्लॅरेन्डन स्टॅनबरी. वडिलांचं नाव नोंदीत कुठेच सापडेना, सापडेना. आणि मग लक्षात आलं, अगं, ते तर नावातच आहे! क्लॅरेन्डन! मग मी क्लॅरेन्डन शोधायला लागलो. आणि हे बघ, १८१९ चा कोर्टाचा कागद."

कागदाची झेरॉक्स होती. एका शेजाऱ्याने फिर्याद दिली होती: जोसाया स्टॅनबरी धाकटे यांचा क्लॅरेन्डन फिर्यादीचे कुंपण मोडून मक्याच्या शेतात शिरला, त्याने पुष्कळ नासधूस केली आणि अडवायला गेलेल्या इसमास जखमी केले.

"मूळ जोसायाचा मुलगा धाकटा जोसाया, त्याचा क्लॅरेन्डन, क्लॅरेन्डनचा ॲमॉस," काका बोटाने रेघ ओढत म्हणाले. "मूळ जोसायापासून लोरेटापर्यंत सलग रेघ. पोरगा जरा तापट होता, पण प्रत्येक घराण्यात एखादा असतोच. आमच्यात दादरचा मोरू आहे."

क्लॅरेन्डनच्या चौकटीत त्यांनी लिहिले होते: 'व्यवसाय शेती. स्वभाव तामसी. शरीरयष्टी भक्कम असावी.'

तक्ता माझ्याकडे आला तो फक्त नक्कल काढून जोडपत्रे लावण्यासाठी. जोडपत्र लावताना कागद पूर्ण असावा असे आम्हाला विद्यापीठात शिकवले होते. झेरॉक्स एकाच पानाची होती आणि शेवटचे वाक्य अर्धे तुटलेले होते. म्हणून मी दफ्तरखान्याला पत्र लिहून दुसरे पान मागवले. ते सभेच्या नऊ दिवस आधी आले. त्यात न्यायालयाने आदेश दिला होता की सदर क्लॅरेन्डन यास जोसाया स्टॅनबरी धाकटे यांनी यापुढे दोराने बांधून ठेवावे. आणि ओळख पटावी म्हणून वर्णन दिले होते: खेचर, रंग तपकिरी, वय सुमारे सहा वर्षे, डावा कान फाटलेला.

मी खोटे बोलणार नाही. माझ्या गेल्या चोवीस वर्षांच्या अमेरिकन वास्तव्यातला तो सर्वांत समाधानाचा क्षण होता. मी गाडी न काढता पायीच काकांकडे गेले, म्हणजे वाटेत मला तो अधिक वेळ अनुभवता आला.

काकांनी पान वाचले. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचले.

"खेचर," ते म्हणाले.

"हो, काका."

"खेचराला संतती होत नाही."

"ही एकच अडचण नाही, काका." मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले. "इथे मधलं नाव वडिलांचं नसतं."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी पृथ्वी चपटी आहे असे सांगत होते. "मग कोणाचं असतं?"

"कोणाचंही. आईच्या माहेरचं आडनाव, एखादा मामा, कधी नुसतं कानाला बरं वाटतं म्हणून."

"बापाचं नाव माणसाच्या नावात नाही, तर मग कळायचं कसं कोण कोणाचा ते?"

"कळत नाही. म्हणून तर वंशावळ शोधतात."

काका खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या डोळ्यांपुढून काहीतरी सरकत होते. "म्हणजे आमचा बॉस," ते सावकाश म्हणाले, "रॉबर्ट ॲलन मर्फी. मी त्याला वीस वर्षं दर सोमवारी विचारायचो, हाऊ इज ॲलन? वडिलांची चौकशी करावी म्हणून. तो म्हणायचा, फाइन, थँक यू."

"मग ॲलन कोण होता?"

"तोच!" काका कळवळून म्हणाले. "तोच होता, रेणू! मी वीस वर्षं त्याला त्याच्याच तोंडावर विचारत होतो, तू कसा आहेस आणि तो कसा आहे!"

स्वयंपाकघरातून सुहासिनीकाकूंचा हसण्याचा आवाज आला. तो बराच वेळ थांबला नाही. काकांनी तिकडे दुर्लक्ष करून लाल पेन उघडले, क्लॅरेन्डनच्या चौकटीवर पट्टी ठेवून एक रेघ मारली, 'गु. स. नि.' लिहिले, तारीख घातली आणि कारण लिहिले: 'खेचर'.

पुढचे आठ दिवस आम्ही दोघांनी काम केले. मला कोणी बोलावले नव्हते. पण खेचर मी आणले होते. मधल्या नावांवरून जोडलेली प्रत्येक रेघ तपासावी लागली आणि बावीस माणसांना नवे बाप द्यावे लागले. ॲमॉसचे खरे वडील चर्चच्या नोंदवहीत सापडले. नाव पीटर स्टॅनबरी, आणि बायको शेजारच्या क्लॅरेन्डन घराण्यातली. खेचरही त्याच शेजाऱ्यांकडून आणलेले. ज्याच्याकडून जनावर घेतले त्याचे नाव जनावराला ठेवायची इथे रीत होती, असे लोरेटाबाईंनी फोनवर सांगितले. "पीटरचे सासरेबुवा ओळखीचे होते म्हणून जरा जास्तच गंमत आली असेल," त्या म्हणाल्या.

राहिला प्रश्न पीटरच्या वडिलांचा. उत्तर गुरुवारी दुपारी, सभेच्या दोन दिवस आधी, दफ्तरखान्यात धाकट्या जोसायाच्या मृत्युपत्रात मिळाले. धाकट्या जोसायाने एका विधवेशी लग्न केले होते. पीटर तिच्याबरोबर आलेला तीन वर्षांचा मुलगा. मृत्युपत्रात शब्द असे होते: 'माझ्या पत्नीचा मुलगा पीटर, ज्याला मी वाढवले आणि मुलगा म्हणतो, त्यास ओढ्याकाठचे शेत.'

लोरेटाबाईंच्या अंगात जोसाया स्टॅनबरीचे रक्त नव्हते.

वाचकांनी परिस्थिती ध्यानात घ्यावी. खेचराचा तक्ता लोरेटाबाईंच्या बाजूचा होता आणि खरा तक्ता त्यांच्या विरुद्ध. कमिटीतल्या कोणीही दुसरे पान मागितले नसते. मी परतीच्या वाटेवर, गाडी चालवता चालवता, हे काकांना एकदा बोलून दाखवले. केवळ पर्याय म्हणून.

"एकतीस वर्षं क्वालिटीत काढली, रेणू," काका समोर बघत म्हणाले. "खोट्या कागदावर सही केली नाही. आणि त्या बाईला खेचराच्या नावावर पुरायचं?"

आम्ही थेट फाटकाशी थांबलो. काकूही तिथेच होत्या. त्या लोरेटाबाईंकडे गुरुवारी तव्यावर थालीपीठ लावून बघत असत. काकांनी उभ्यानेच सगळे सांगितले, एकही शब्द मऊ न करता. लोरेटाबाई ऐकत होत्या. हातातला टॉवेल त्यांनी चार वेळा घडी केला आणि चार वेळा उलगडला.

"माझी आई मला दर इस्टरला तिथे न्यायची," शेवटी त्या म्हणाल्या. "बोट धरून एकेक दगड दाखवायची. ही तुझी माणसं, म्हणायची." मग थोडे थांबून, "पुढच्या आठवड्यात मला इस्पितळात टेबलावर झोपवतील, आणि मला वाटलं होतं निदान हे तरी..."  त्यांच्या घोरणाऱ्या नवऱ्याचे नावही कोणी काढले नाही.

काकूंनी थालीपीठ उलटले. "म्हणजे तो पीटर दत्तकच ना?" त्या म्हणाल्या.

काका वळले. "काय?"

"अहो, वाढवलं, मुलगा म्हटलं, आडनाव दिलं, शेत दिलं. आणखी काय राहिलं? तुमचे आजोबा तरी कुठे निवसरकरांच्या पोटचे? देवरुखच्या आपट्यांचे ना ते? दत्तक आले म्हणून तुम्ही निवसरकर. नाही तर चारशे बारा माणसांना कोणत्या तोंडाने फोन करत होता रविवारी पहाटे?"

 काकांनी खिशातून नमुना काढला. रकाना नववा, पोटरकाना दुसरा: 'दत्तक असल्यास खूण करावी'. तो इतके आठवडे कोराच होता आणि काकांसारख्या माणसाच्या नजरेतून सुटला होता. त्यांनी तो लोरेटाबाईंपुढे धरला आणि इंग्रजीत म्हणाले, "लोरेटा, आमच्याकडे यासाठी छापील जागा आहे."

शनिवारच्या सभेला क्लबहाउसमध्ये सामोसे होते, त्यामुळे गणपूर्ती झाली. कंपनीतर्फे आलेल्या बाईंनी तक्ता पाहिला, पीटरवर बोट ठेवले आणि खेद व्यक्त केला. वंशज म्हणजे रक्ताचा, असे त्यांचे म्हणणे पडले.

"खतात 'रक्त' हा शब्द कुठे आहे?" मी विचारले. खत मी वाचलेले होते. त्या खोलीत ते वाचलेली मी एकटीच होते, आणि याचेही कोणाला काही वाटले नाही.

"पण साधारण अर्थ तोच धरतात," बाई म्हणाल्या.

"एक मिनिट, एक मिनिट," अनिश सामोसा खाली ठेवून म्हणाला. "माझे पणजोबा दत्तक होते. अमरावतीहून आणले होते. मग मी कोण यार?"

"आमच्याकडे दोन पिढ्या लागोपाठ दत्तक," कमिटीच्या खजिनदार आसावरी म्हणाल्या. "आणि दुसऱ्याला तर पहिल्याच्याच भावाकडून घेतला. आम्ही वर्षश्राद्धाला सगळ्यांचीच नावं घेतो, कोण कोणाचा ते भटजींनी बघावं."

मग हैदराबादचे सदस्य उभे राहिले आणि त्यांच्या मामांना मामांच्याच काकांनी दत्तक घेतले ती हकीकत त्यांनी पंधरा मिनिटे सांगितली. कंपनीच्या बाईंनी आधी लिहून घेण्याचा प्रयत्न केला आणि नंतर सामोसा घेतला. शेवटी काका उठले. त्यांनी धाकट्या जोसायाचे ते एक वाक्य वाचले, फक्त तेवढेच, आणि खाली बसले.

मतदान झाले. चार अनुकूल, एक तटस्थ. तटस्थ सदस्य केवळ कुंपणाच्या रंगासाठी आले होते आणि तो विषय निघाला की उठवा असे सांगून झोपले होते. ठराव मी लिहिला: 'पीटर स्टॅनबरी हे जोसाया स्टॅनबरी धाकटे यांचे पुत्र होत, आणि त्यांचे वंशज ते जोसायाचे वंशज.' माझ्या पदवीचा या देशात झालेला हा पहिला उपयोग. तो ठराव कोणी वाचून दाखवला नाही.

लोरेटाबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. काकांनी ठरावाची प्रत नेऊन दिली तेव्हा त्यांनी ती पर्समध्ये ठेवली, पर्स बंद केली, पुन्हा उघडून प्रत आहे ना ते पाहिले, आणि मग काकांचा हात बराच वेळ धरून ठेवला. काका अवघडून टाय सारखा करत राहिले.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडले. इस्पितळात भरती होताना त्यांनी ती प्रत नर्सच्या हाती दिली होती आणि 'काही झालं तर पत्ता' असे सांगितले होते. डॉक्टर म्हणतात की झडप आता माणसाहून अधिक टिकेल.

डिसेंबरात, हिंडायची परवानगी मिळताच, लोरेटाबाईंनी नेमकी जागा निवडण्यासाठी आम्हाला बोलावले. काका मोजपट्टी आणि टाय घेऊन आले. मी नवा कोट घालून आले, कारण असे काही होईल याची मला कल्पना नव्हती. लोरेटाबाईंनी आईने दाखवलेल्या दगडांमधली मोकळी जागा पाहिली, काठी माझ्या हाती दिली, आणि चक्क खाली बसून गवतावर आडव्या झाल्या. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हटले होते. आडवे होण्याबद्दल काही बोलले नव्हते.

डोळे मिटून त्या इतका वेळ पडून राहिल्या की काकांचा धीर सुटला.

"लोरेटा?"

"श्श्. बघतेय." मग डोळे मिटलेलेच ठेवून, "पाठीखाली मूळ टोचतंय. थोडं डावीकडे घ्या."

काकांनी खुणेची खुंटी डावीकडे घेतली. लोरेटाबाई सरकल्या, सुस्कारा टाकला आणि शेजारचे गवत हाताने थोपटले. "मिस रेणू, तुम्हीही पडून बघा. वाऱ्याला छान आहे."

मी नम्रपणे नकार दिला. ही जागा केवळ वंशजांसाठी राखीव आहे, आणि तो ठराव माझ्याच हस्ताक्षरात आहे, असे मी त्यांना सांगितले.

"मग तुम्हाला दत्तक घेते," लोरेटाबाई म्हणाल्या. "पण आधी मला उठवा."